नाळेच्या रक्ताबद्दल नागपुरातल्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम, डॉक्टर सर,

धंतोली, रामदासपेठ, सक्करदरा, मानेवाडा, जरीपटका, जिथे जिथे तुमचं मॅटर्निटी होम आहे तिथे तिथे हे पत्र पोचावं म्हणून खुलं लिहितेय. मागणी सरळ आहे. कॉर्ड ब्लड बँकेचा, म्हणजे पैसे घेऊन बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून ठेवणाऱ्या कंपनीचा माणूस तुमच्या ओपीडीच्या बाहेर बसवू नका, आणि ज्या घरात आधीचं मूल सिकलसेलचं किंवा थॅलेसेमियाचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं आहे त्या घराला पुढच्या बाळंतपणाच्या आधी नाळेच्या रक्ताबद्दल तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने सांगा. आत्ता आपल्याकडे नेमकं उलटं होऊन राहिलं. ज्याला काडीची गरज नाही त्याला गळ घालून विकलं जातं आणि ज्याला गरज आहे त्याला कोणी एक शब्द बोलत नाही.

मी रक्तपेढीत टेक्निशियन होते, आता रिटायर्ड. आयुष्य कंपोनंट लॅबमध्ये गेलं, म्हणजे रक्ताच्या पिशव्या फिरवायच्या, वेगळ्या करायच्या आणि ज्याच्या त्याच्या तापमानाला ठेवायच्या. त्यामुळे "आम्ही तुमच्या बाळाच्या पेशी थंडीत सुरक्षित ठेवू" हे वाक्य कोणी बोललं की माझे कान टवकारतात. कारण थंड ठेवणं ही एक गोष्ट नाहीये. लाल पेशी २ ते ६ डिग्रीला, आणि सॅगएम, म्हणजे पेशी टिकवणारं द्रावण घातलेली पिशवी असली तर ४२ दिवस, त्याच्या पुढे एक दिवस नाही. प्लेटलेट फ्रिजमध्ये टाकायच्याच नाहीत, त्या २० ते २४ डिग्रीला अ‍ॅजिटेटरवर हलत ठेवायच्या, पाच दिवस. प्लाझ्मा उणे ३० च्या खाली, तर वर्षभर. एकाच माणसाच्या हातातून निघालेली एकच पिशवी आणि तिचे तीन भाग तीन वेगळ्या घरात राहतात. मे महिन्यात पारा ४५-४६ ला गेला आणि लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत आमच्यातला प्रत्येक जण आधी डीप फ्रीजरच्या डिस्प्लेकडे पळायचा, मग बाकीचं. उणे ३४ दिसलं की जीव भांड्यात पडायचा. हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे की थंडी टिकवणं म्हणजे रोजची राखण आहे, एकदा पैसे भरून संपणारं काम नाही.

आता नाळेचं रक्त. विज्ञान खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट त्या विज्ञानावर माझं प्रेम आहे म्हणून तर लिहितेय. जिवंत पेशी नुसती गोठवली तर मरते, कारण पाण्याचा बर्फ होतो, बर्फाचे कण पेशी फोडतात आणि बाहेर बर्फ झाला की आतलं पाणी ओढलं जाऊन पेशी सुकते ते वेगळंच. १९४९ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना ग्लिसरॉल सापडलं, ते घातलं तर कोंबड्याचं वीर्य गोठवूनही जिवंत राहतं हे दिसलं आणि तिथून सगळं पुढे गेलं. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, गाय माजावर आली की गुरांचे डॉक्टर नायट्रोजनचा कंटेनर घेऊन येतात, झाकण उघडलं की पांढरा धूर, चिमट्याने बारीकशी कांडी वर काढतात, कोमट पाण्यात धरतात आणि काम होतं. ती कांडी उणे १९६ डिग्रीला होती. नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नवं रक्त बनतं त्या मूळ पेशीही त्याच नायट्रोजनमध्ये ठेवतात, फक्त ग्लिसरॉलच्या जागी बहुतेक ठिकाणी डीएमएसओ, साधारण १० टक्के, आणि मिनिटाला एक डिग्री अशा संथ गतीने खाली न्यायचं. हे नीट केलं तर पेशी फार वर्षं टिकतात, २३ वर्षांपेक्षा जास्त गोठवून ठेवलेल्या पिशवीतून कामाच्या स्टेम सेल निघाल्याचं २०११ मध्ये छापून आलेलं आहे.

आणि नाळेच्या रक्ताचं पहिलं ट्रान्सप्लांट, म्हणजे त्या स्टेम सेल आजारी माणसाच्या अंगात घालणं, १९८८ मध्ये पॅरिसला झालं, डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलं. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (हाडाच्या मगजात रक्त बनणं बिघडवणारा आनुवंशिक आजार) झालेला पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा होता. नाळेचं रक्त अमेरिकेत घेतलं, गोठवलं, विमानाने पॅरिसला नेलं. पण डॉक्टर, ते रक्त कोणाचं होतं? त्या मुलाचं स्वतःचं नव्हतं, त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. विकणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये १९८८ असतं, पॅरिस असतं, गोरं गोंडस बाळ असतं, बहीण मात्र कधीच नसते, आणि सगळी गोम त्या बहिणीतच आहे.

माझी भाची सातव्या महिन्यात होती तेव्हा मी तिच्यासोबत चेकअपला गेले होते. कोणतं हॉस्पिटल ते लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं नाही. बीपी घेणाऱ्या सिस्टरच्या टेबलाला लागूनच एक टेबल, त्यावर निळं फोल्डर, पेनड्राइव्ह गिफ्ट, आणि टायवाला एक मुलगा. सिस्टरनेच सांगितलं की मॅडम आत बोलावेपर्यंत सरांचं ऐकून घ्या. मुलगा हुशार, बोलायला गोड, "ताई, हे बाळाचं बायोलॉजिकल इन्शुरन्स आहे, ८० पेक्षा जास्त आजार, ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया, सिकलसेल, सगळ्याला" असं म्हणत त्याने ईएमआयचा कागद पुढे केला. एकूण रक्कम ७० हजारांच्या आसपास. भाचीचा नवरा एमआयडीसीत कामाला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यात जी भीती होती ती मी विसरू शकत नाही, पैसे नाही भरले तर आपण वाईट आई ठरू अशी भीती. पोटुशी बाई त्या टेबलासमोर किती एकटी असते हे तुम्ही आतल्या खोलीत असल्यामुळे तुम्हाला दिसत नसेल, म्हणून सांगतेय.

त्या टायवाल्या मुलाने सांगितलेले तीनही आजार घ्या. सिकलसेल आणि थॅलेसेमिया जनुकातून येतात, म्हणजे ज्या बाळाला ते होणार त्याच्या नाळेतल्या प्रत्येक पेशीत तोच दोष आधीपासून बसलेला आहे, त्याचं रक्त त्यालाच परत देऊन काय होणार? ब्लड कॅन्सरचं बघा, लहान मुलांच्या बऱ्याच ल्युकेमियात पहिला बिघाड जन्माच्या आधीच झालेला सापडतो, तो नाळेच्या रक्तातही असू शकतो, आणि शिवाय दुसऱ्याच्या पेशी कॅन्सरवर जो हल्ला करतात तो स्वतःच्या पेशी करत नाहीत. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा दहापट जास्त माहीत आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१७ च्या स्टेम सेल गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी नाळेचं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही, आणि ते स्वतःलाच लागण्याची शक्यता ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के, म्हणजे अडीच हजारात एक ते दोन लाखात एक. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनेही २०१८ मध्ये खासगी बँकिंगच्या विरोधातच मत दिलं. हे कागद तुमच्या टेबलावर असायला हवेत, त्या निळ्या फोल्डरच्या जागी.

मग आता त्या दुसऱ्या बाईबद्दल बोलू, जिच्यासमोर कोणी टेबल लावत नाही.

विदर्भात सिकलसेल किती आहे ते तुम्हाला मी काय सांगू. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, आणि आपल्या नागपुरातल्या वस्त्यांमध्येसुद्धा. आमच्या खिडकीवर महिन्या-दीड महिन्याने येणारी मुलं होती, हात सुजलेले, डोळे पिवळे, आई चिठ्ठी घेऊन उभी. त्यातली एक गडचिरोलीकडची, तिचा मुलगा एसएस पॅटर्नचा, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेला, सहा वर्षांचा पण चार वर्षांचा दिसायचा. ती दुसऱ्यांदा पोटुशी होती, दिसत होतं ते. पुढच्या वेळी आली तेव्हा कडेवर लेक होती. मी विचारलं, बाळंतपणात नाळेचं रक्त ठेवायचं कोणी काही बोललं का? ती माझ्याकडे बघतच राहिली. नाळ आणि वार कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली होती, जशी सगळ्यांची जाते. दोष मी कोणाला देत नाही, सरकारी वॉर्डात एका सिस्टरला किती बायका बघायच्या असतात ते मला माहीत आहे. पण त्या लेकीची एचएलए, म्हणजे ट्रान्सप्लांटसाठी जुळावी लागते ती पेशींची खूण, तिच्या भावाशी जुळली असण्याची शक्यता चारात एक होती, आणि ती स्वतः वाहक, म्हणजे एएस असली तरी चाललं असतं, एसएस नसली म्हणजे झालं. अडीच हजारात एक आणि चारात एक, डॉक्टर. यातला कोणता आकडा आपण घरोघरी सांगायला हवा?

आणि कोणी म्हणेल की बहीण मोठी झाली की तिची बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, घेता येते, नाळेची काय गरज. बरोबर आहे, घेता येते. पण नाळेचं रक्त जपून ठेवलेलं असलं तर ते मॅरोसोबत वापरता येतं, त्या लहानग्या पोरीकडून तेवढी कमी मॅरो घ्यावी लागते, आणि नाळेच्या पिशवीतूनच ती जुळते की नाही तेही तपासून कळतं. भावंडाच्या नाळेच्या रक्तावर थॅलेसेमिया आणि सिकलसेलमधून बाहेर पडलेली मुलं जगात आहेत. घरात असा आजार असेल तर साठवणं योग्य आहे हे तर खासगी बँकिंगला विरोध करणारे पण मान्य करतात. आणि ट्रान्सप्लांटच्या पैशाचं बोलाल तर कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून आहे, थॅलेसेमियाच्या मुलाला ट्रान्सप्लांटसाठी १० लाखांपर्यंत मिळतात. कोळशाच्या खाणी आपल्याच विदर्भात, आणि त्या योजनेचं नाव आपल्याच कितीतरी आईबापांना माहीत नाही.

आता थोडं पिशवीच्या आत काय असतं ते. ट्रान्सप्लांटला पेशंटच्या दर किलो वजनाला निदान अडीच कोटी पेशी तरी लागतात असं साधारण धरतात. वीस किलोच्या मुलाला ५० कोटी, साठ किलोच्या माणसाला १५० कोटी. एका नाळेतून किती येतात ते नशिबावर, बऱ्याच पिशव्या मोठ्या माणसाला पुरतच नाहीत. "बाळाला आयुष्यभराचं संरक्षण" म्हणणाऱ्या फोल्डरमध्ये हा हिशेब मला कधी दिसला नाही. साठवल्यानंतर आईबापाला जो रिपोर्ट येतो त्यात एकूण पेशी किती, सीडी३४ म्हणजे स्टेम सेल किती, जिवंत किती टक्के, जंतुसंसर्ग आहे का हे असायला पाहिजे, आणि ते वाचून समजावणारं कोणीतरी पाहिजे. माझ्या ओळखीतल्या एकीने तिचा रिपोर्ट मला दाखवला, चकचकीत सर्टिफिकेट, त्यावर बाळाच्या पावलाचा ठसा, पण पेशींचा आकडाच नाही. कंपनीला फोन केला तर "सॅम्पल सक्सेसफुली प्रिझर्व्ह्ड आहे मॅम" यापलीकडे उत्तर नाही. ती त्या सर्टिफिकेटला लॅमिनेट करून ठेवून आहे.

आणि आपल्या उन्हाचं काय? नागपूरला मे महिन्यात बाळंतपण झालं, पिशवी डब्यात घालून कुरिअरवाल्याच्या हातात दिली, ती एअरपोर्टला किंवा गाडीने दुसऱ्या राज्यातल्या लॅबला चालली. वाटेत तो डबा बाइकच्या मागे किती वेळ उन्हात होता, डब्यात तापमान नोंदवणारा लॉगर आहे का, असेल तर त्याचा ग्राफ आईबापाला देता का, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आम्ही रक्ताची पिशवी इथल्या इथे मेडिकल हॉस्पिटलवरून मेयो हॉस्पिटलला न्यायची तरी बॉक्समधलं तापमान लिहायचो.

पोचल्यावरही सगळं संपत नाही. सिंगापूरला एक मोठी खासगी बँक आहे, सिंगापूर म्हणजे शिस्तीचा देश, तिथल्या आरोग्य मंत्रालयाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की त्या बँकेच्या काही टाक्यांमधलं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलेलं होतं, आणि एका टाकीतली जवळपास २,२०० युनिट खराब झाली. टाक्यांमधला हा प्रकार २०२० पासूनचा निघाला. म्हणजे आईबाप दरवर्षी पैसे भरत होते आणि टाकीत काय होतंय ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. दोष दिसत नाही, वास येत नाही, पिशवी तशीच गोठलेली दिसते. बाजारातली संत्री सडली तर हाताला लागते, पेशी मेली तर कळतं ते वितळवल्यावर, आणि वितळवायची वेळ येते तेव्हा मूल आयसीयूत असतं.

आजकाल कम्युनिटी बँकिंग म्हणून नवं सांगतात, की सगळ्यांच्या पिशव्या एकत्र, ज्याला लागेल त्याला मिळेल. एकत्र ठेवण्याची कल्पना चांगलीच आहे, पब्लिक बँक तशीच चालते, न्यूयॉर्कला १९९२ पासून तशी बँक आहे. पण पब्लिक बँकेत आई रक्त दान करते, तिच्याकडून कोणी पैसे घेत नाही, आणि कमी पेशींची पिशवी बँक स्वतःहून बाद करते. पैसे भरलेल्या ग्राहकाची पिशवी बाद करायला कंपनीचा हात धजेल का, हा माझा प्रश्न आहे. आणि आता अर्ध्या जुळणीवर आईवडिलांकडून ट्रान्सप्लांट व्हायला लागल्यापासून नाळेच्या रक्ताचा वापर जगभरच कमी होत चाललाय, हेही तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती म्हणजे क्लॅम्पची, नाळेला चिमटा लावून ती कापण्याची. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबा असं डब्ल्यूएचओ सांगते, एक ते तीन मिनिटं. त्या वेळात बाळाला जे रक्त मिळतं ते त्याचंच असतं आणि त्यातलं लोह त्याला पुढचे कितीतरी महिने पुरतं. आपल्याकडे आया अ‍ॅनिमिक, बाळं अ‍ॅनिमिक, ७-८ हिमोग्लोबिनवर बाळंतपणं होतात, आणि तिथे पिशवी भरली पाहिजे म्हणून कोणी घाई करत असेल तर ते बाळाच्या तोंडचं काढून डब्यात ठेवणं झालं. थांबून उरलेलं घेता येतं हे खरं आहे, पण मग पिशवी भरत नाही, आणि कंपनीच्या माणसाला भरलेली पिशवी हवी असते. तुम्ही लेबर रूममध्ये कोणाचं ऐकता हे तुमच्या हातात आहे, बाकी कोणाच्याच नाही.

पैशाचं बोलते, राग मानू नका. एका नोंदणीमागे हॉस्पिटलला काय मिळतं याबद्दल सगळे कुजबुजतात. तुमच्यातले कितीतरी जण एक रुपया घेत नसतील, मला तसे डॉक्टर माहीत आहेत, आणि त्यांच्याचसाठी ही गोष्ट उघड होणं गरजेचं आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात कमिशन घेण्याला आणि देण्याला मनाई आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने तर म्हटलंय की बँकेशी आर्थिक संबंध असेल तर तो पेशंटला सांगा. तुमच्या संघटनेने हे नागपुरात ठरवून टाकावं, भिंतीवर लावावं, "या हॉस्पिटलचा कोणत्याही कॉर्ड ब्लड बँकेशी आर्थिक संबंध नाही". ज्याला लावता येत नाही त्याने का लावता येत नाही ते पेशंटला सांगावं.

काही जण म्हणतील की पेशंटच विचारतात, इंटरनेटवर वाचून येतात, आम्ही अडवणारे कोण. अडवू नका ना. ज्याला सगळं कळूनही साठवायचं आहे त्याने साठवावं, त्याचे पैसे त्याचा निर्णय. पण ते सांगणं तुमच्या केबिनमध्ये व्हावं, पाच मिनिटं, टायवाल्या मुलाच्या टेबलावर नाही. बाई तुमच्यावर विश्वास ठेवून आलेली असते, त्या टेबलावर ती सही करते ती तुमचं नाव दारावर आहे म्हणून.

आणि तरुण आईबापांचा उत्साह वाया घालवू नका. ज्यांना खरंच वाटतं की कोणाचा तरी जीव वाचावा, त्यांना डोनर रजिस्ट्रीचं सांगा. दात्रीसारख्या रजिस्ट्रीत गालाच्या आतून स्वॅब घेऊन नाव नोंदवता येतं, जुळलं तर रक्त दिल्यासारखंच हातातून स्टेम सेल घेतात बहुतेक वेळा. आपल्या भागातले, आपल्या समाजातले लोक त्यात जितके जास्त तितकं आपल्या मुलांना जुळणारं मिळण्याची आशा जास्त. त्यासाठी ईएमआय लागत नाही.

शेवटचं, आणि हे उद्यापासून करता येईल असं आहे. एएनसीच्या, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या कार्डावर सिकलसेलचा रिपोर्ट लिहिता ना, त्याच्याच खाली एक ओळ वाढवा, आधीचं मूल एसएस किंवा थॅलेसेमिया मेजर आहे का. उत्तर हो असेल तर सातव्या महिन्यातच हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाला फोन करा, कारण नाळेचं रक्त घ्यायचं किट मागवायला, कोणती बँक, पैसे कोण देणार, भावंडाची एचएलए करायची का, या सगळ्याला वेळ लागतो आणि कळा सुरू झाल्यावर त्यातलं काही होत नाही. डागा, मेयो, मेडिकल या सरकारी हॉस्पिटलांमधल्या डॉक्टरांनाही हीच विनंती, उलट तुमच्याकडेच या बाया जास्त येतात. समजावून सांगायला तुमच्याकडे माणूस नसेल तर मी आहे, माझ्यासारख्या रिटायर झालेल्या आणखी टेक्निशियन बायका आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. आठवड्यातून एक दिवस तुमच्या ओपीडीत येऊन बसू, मानधन नको, फक्त खुर्ची द्या आणि ते निळ्या फोल्डरचं टेबल तिथून हलवा.

आपली नम्र,
रक्तपेढीतली एक निवृत्त टेक्निशियन
नागपूर